आपोआप वाजणारी पेटी

मला वाजवायला पेटी पाहिजे होती. घरातल्या दोन पुरुषांनी मला आपोआप वाजणारी आणून दिली. इतकी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

आम्ही तेव्हा कोराडीच्या वसाहतीत राहत होतो. आमचे हे वीज केंद्रात फिटर. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, ती झटकायची आणि मगच घड्या करायच्या. टीव्ही नुकता घरोघरी येत होता. वसाहतीत पुरुषांचं भजनी मंडळ होतं आणि आम्हा बायकांचंही होतं. पण पेटी एकच. ती वसाहतीच्या हॉलमधल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली पुरुषांच्या मंडळातल्या पेटीवाल्याकडे. हा ऑफिसात कारकून होता. बायकांच्या हातात पेटी द्यायची नाही, हा नियम त्यानेच केलेला. का, तर बांगड्या लागून पट्ट्या खराब होतात.

"अन् तुमच्या अंगठ्या लागत नाहीत काय?" मी एकदा विचारलं. त्याच्या बोटांत लाल-पिवळे खडे होते, ज्योतिषाने सांगितलेले.

"तुम्ही गा बाई. वाजवाचं मी पाहतो."

तो वाजवायचा, हेच तर दुखणं होतं. त्याची बोटं एकाच सुरावर बसलेली. काळी एक. म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी धरायची, तिला सा म्हणायचं आणि तिथून सगळं गाणं वाजवायचं. पुरुषांच्या गळ्याला तो सूर बसतो. आम्हाला तो कुठूनच बसत नव्हता. खालून धरला तर आवाज घशातच राहायचा, वरून धरला तर कडव्याच्या मध्यावर किंचाळायची पाळी यायची. आम्हाला काळी चार पाहिजे होती. ती त्याला वाजवता येत नव्हती, आणि येत नाही हे कबूल करायचं नव्हतं. "बायकांनी रियाज कराव," म्हणायचा. कोजागिरीला हॉलमध्ये आमची भजनं आणि भुलाबाईची गाणी व्हायची तेव्हा मागे बसलेले लोक बेडकासारखे आवाज काढायचे. चांगले मिशावाले, ऑफिसात जाणारे लोक.

आमच्या शेजारणीचा गळा चांगला होता. घरी भांडी घासताना गायची तर मी माझं काम थांबवायची. हॉलमध्ये मात्र तिचा आवाज फाटायचा. एका कोजागिरीला ती मध्येच गप्प झाली आणि मग पुढच्या वर्षी नुसतीच टाळ घेऊन बसली.

"माह्या गळ्यातच खोट आहे वं," मला म्हणाली.

खोट त्या कारकुनाच्या बोटांत होती. पण तिला ते पटत नव्हतं, आणि पटवायला माझ्या हातात काही नव्हतं.

मला पेटी येत होती. माझ्या बापाच्या डाव्या हाताची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. पेटीला दोन हात लागतात, उजवा पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. बापाचा भाता मी हलवायची. त्याच्यासमोर, पेटीच्या मागच्या अंगाला बसून. त्यामुळे पट्ट्या मी पाहिल्या त्या उलट्या बाजूने. चौथीनंतर शाळा सुटली, भाता सुटला नाही. बाप वावरात गेला की मी पुढच्या बाजूला बसायची आणि सगळं उलटं निघायचं. ते सुलट करायला बराच काळ गेला, पण झालं. फक्त बापही काळी एकच वाजवायचा, म्हणून माझीही बोटं तिथेच बसली. नुसती पेटी घेऊन माझं भागणार नव्हतं.

उपाय मला एका लग्नात सापडला. वसाहतीतल्या एका लग्नाला ऑर्केस्ट्रा आला होता. त्यात विजेवरची पेटी होती, लांबलचक, भाता नसलेली. गाणारी बाई माइकसमोर आली की वाजवणारा एक बटन फिरवायचा आणि बोटं मात्र पहिल्याच जागी ठेवायचा. मी मांडवामागे जाऊन त्याला विचारलं, हे काय करता?

"सूर वर गेला बाई. बोटं तीच, सूर दुसरा. वाजवून पाहता?"

मी वाजवलं. बोटं काळी एकवर आणि आवाज काळी चारचा. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, मले अशी पाहिजे. पैसे माझ्या माहेरच्या वाट्याचे होते, त्यामुळे ह्यांना नाही म्हणता आलं नाही. मंडळात मी सांगून टाकलं की यंदा कोजागिरीला आपण आपल्या सुरात गाऊ, वाजवीन मी. शेजारीण टाळ बाजूला ठेवून म्हणाली, "खरंच काय वं? तू वाजवशील तं मी गातो."

एवढंच होतं सगळं. तिने गायचं होतं आणि मी वाजवायचं होतं.

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. हे, मी आणि माझा दीर. दीर हिंगण्याला कारखान्यात होता. त्याने दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर घेतला होता, तेव्हापासून वायर असलेल्या कोणत्याही वस्तूचं त्याला कळतं असं घरात ठरलं होतं. माझ्या घरात वाजवणारी मी, पण निवडायला तो.

दुकानात गादी घातलेली. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसायचं आणि वाजवून बघायचं. मीही चपला काढल्या आणि बसले.

"उठ वं," हे हळूच म्हणाले. "लोक पाहून राहिले."

"मंग? वाजवल्याबिगर कशी घेऊ?"

"भाऊ पाहते नं. तू तिकडं खुर्चीवर बस."

मी उठले नाही. दुकानदाराने माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "किसके लिए चाहिए साहब?"

"हिच्यासाठी. भजनासाठी."

"अच्छा, भाभीजी के लिए! फिर तो ये छोटा वाला ले जाओ. हल्का है, सुंदर है."

त्याने ती काढली. चकचकीत, काळी, वर रंगीत बटनं. पट्ट्या एवढ्या बारीक की माझं एक बोट ठेवलं तर दोन वाजायच्या. माझे हात निंदणीचे आणि कापूस वेचायचे, ते काही बाहुलीचे नाहीत. मी म्हटलं, ह्याच्या पट्ट्या बारीक आहेत, अन् सूर वर न्यायचं बटन कुठं आहे? दुकानदार हसला. "उसकी क्या ज़रूरत है भाभीजी, इसमें सौ आवाज़ हैं."

कोपऱ्यात एक जुनी होती. कोण्या ऑर्केस्ट्राने विकलेली, एका बाजूला रंग गेलेला. पट्ट्या मोठ्या, घट्ट, आणि ते फिरवायचं बटन होतं. मी सरकत तिच्यापर्यंत गेले आणि वाजवली. सूर वर नेला, खाली आणला. नीट होती. मी म्हटलं, "हीच पाहिजे."

"वहिनी, ते सेकंडहॅन्ड आहे," दीर म्हणाला.

"असू द्या नं भाऊजी. मी तरी कुठं नवी आहो?"

"घरात दुसऱ्याचं वापरलेलं सामान नाही आणाचं," हे म्हणाले. त्यांच्या आईच्या वेळेपासूनची ही रीत. वापरलेली भांडी चालत नाहीत, वापरलेला पलंग चालत नाही. पेटीचं कोणी कधी बोललंच नव्हतं, कारण पेटी कधी कोणी घेतलीच नव्हती. नियम त्या दुकानात उभ्याउभ्या झाला.

तेवढ्यात दुकानदाराने छोट्या पेटीचं एक बटन दाबलं आणि ती स्वतःच वाजायला लागली. ढोलकी काय, बासरी काय, दिवे लुकलुक करताहेत. ह्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दीर तर टाळ्या वाजवायचा बाकी राहिला.

"पाहा वहिनी! तुमाले वाजवाचीबी गरज नाही. आपोआप वाजते!"

"मंग मले काहून आणलं इथं?" मी म्हटलं.

दुकानदार तोवर खोका बांधून राहिला होता.

घरी आल्यावर ती बैठकीतल्या शोकेसमध्ये गेली, टीव्हीच्या शेजारी. वर घालायला भरतकामाचं कापड ह्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. मोर काढ म्हणाले. पाहुणे आले की हे कापड उचलायचे, बटन दाबायचे, ती आपोआप वाजायची, पाहुणे वा वा म्हणायचे आणि मी चहा आणायची. दुपारी हे कामावर असताना मी ती खाली घेऊन वाजवून बघायची. बोटं आवळून, तिरकी करून पाहिली. दोन-दोन पट्ट्या दबायच्या. डावा हात तर भाता शोधत हवेत हलायचा. आणि सूर काळी एकचाच. शेजारीण खिडकीतून ऐकायची आणि निघून जायची. मंडळातल्या बाकीच्या बायका विचारायच्या, झालं काय वं बसवून? मी म्हणायची, होईल.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ह्यांचे नटबोल्ट पिळायचे पाने, मोपेड, माझी विळी, सगळं पाटावर मांडायचं. ह्यांनी पेटीही मांडली, विजेची आहे म्हणून तिचा मान मोठा. ओल्या बोटाने पट्ट्यांवर कुंकवाची बोटं ओढली आणि वरून हळदीच्या अक्षता मूठभर उधळल्या. मी म्हटलं, आत जातील. "पूजेत बोलू नोको," म्हणाले.

संध्याकाळी दीर सोनं द्यायला आला, म्हणजे आपट्याची पानं. हे त्याला दाखवायला बटन दाबायला गेले तर पेटीतून एकच सूर निघाला आणि थांबेचना. एक पट्टी आत जाऊन बसली होती.

"वहिनीनं दाबून दाबून बसवली," दीर म्हणाला. "वावरातले हात ते. नाजूक वस्तू आहे बाप्पा ही."

"अक्षता कोणं टाकल्या?" मी विचारलं.

"देवाच्या तांदळानं काही होते काय?" हे म्हणाले. दोघं मला चार गोष्टी ऐकवून पानं वाटायला निघून गेले. पेटी तशीच चालू. मी बंदही केली नाही. स्वयंपाकघरात पातेली आपटत होते आणि तोंडाने त्या दोघांच्या सात पिढ्या काढत होते.

तेव्हा शेजारीण पानं घेऊन आली. दारात थांबली. पेटीचा तो सूर चालूच होता. ती ऐकत राहिली, मग तिने हळूच गळ्यातून त्याच्यात आवाज मिसळला. मिसळला तो सहज. मग भुलाबाईच्या गाण्याची एक ओळ म्हटली, वर गेली, खाली आली, कुठे फाटली नाही.

"हा सूर बरा लागते वं," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. अडकलेली पट्टी काळी चारच्या अगदी शेजारची पांढरी होती. मी केसातला आकडा काढून तांदूळ उकरला. मग माचिसची काडी मोडून काळी चारच्या फटीत दाबून बसवली. पट्टी खाली राहिली. सूर सुरू झाला आणि सुरूच राहिला. आवाजाचं बटन पेटीसारख्या आवाजावर ठेवलं. "आता म्हण," मी म्हटलं. ती पूर्ण गाणं गायली. पानं तिच्या मुठीत तशीच होती.

कोजागिरीला हॉलमध्ये कारकून आपली पेटी घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसला. आमची पेटी पाहून म्हणाला, "हे खेळणं कायले आणलं? चला, सुरू करू?"

"तुम्ही खाली जाऊन बसा," मी म्हटलं.

मी काडी बसवली, बटन दाबलं, माइक जवळ सरकवला.

"एकच सूर?" तो म्हणाला. "हे काय वाजवणं झालं काय?"

"आमाले एकच पुरते."

शेजारणीने सुरू केलं आणि बाकीच्या मागून आल्या. कोणीच किंचाळलं नाही. मागच्या मिशावाल्यांनी बेडूक काढले नाहीत, एकाने तर पुन्हा म्हणा असं ओरडून सांगितलं. तिने पुन्हा म्हटलं. त्या वर्षानंतर ती कधी टाळ घेऊन बसली नाही.

आणि मी? मी त्या सगळ्या वेळात मांडीवर हात ठेवून बसले होते. ज्या जागेवर मी वाजवणार होते त्या जागेवर माचिसच्या काडीने वाजवलं. बापाचा भाता हलवून, उलट्याचं सुलट करून जे शिकले ते कोणी ऐकलं नाही. बर्डीवरची ती जुनी पेटी मी नंतर एकटी बसने जाऊन विचारून आले. विकली गेली होती.

कार्यक्रम संपल्यावर दूध प्यायला सगळे जमले तेव्हा हे चारचौघांत सांगत होते, "मी म्हणत होतो नं, हीच घेऊ म्हणून. आपोआप वाजते. हिले काही करावंच नाही लागलं."

घरी आल्यावर ह्यांनी पेटी शोकेसमध्ये ठेवली आणि मोराचं कापड मागितलं. मी म्हटलं, ते धुवायला टाकलं. दुसऱ्या दिवशी मोर आत राहील अशी त्याची चौपट घडी करून कडेने टाके घातले आणि उंबऱ्यासमोर पायपुसणं म्हणून टाकलं. कामावरून आले की हे राखेने भरलेले पाय त्याच मोरावर पुसून आत यायचे. त्यांना ते कधी कळलं नाही. मी रोज पाहायची.