नळाला लावलेला कान

दादा गेल्याची बातमी मला विठोबाने आणून दिली, आणि तीसुद्धा अर्धीच. मी शाळेत शिकवायला निघायच्या घाईत होते. दारात उभा राहून तो म्हणाला, "ताई, मास्तर उसाशापाशी बसल्यात, पर उठंनात." मला वाटलं, नेहमीचंच. कुणाशी तरी हुज्जत घालून रुसून बसला असेल. "त्याला म्हणावं, वहिनी चहा घेऊन खोळंबलीय," असं सांगून मी चपला शोधू लागले. विठोबा जागचा हलला नाही. "तसं न्हाई, ताई…" एवढंच म्हणाला आणि मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसायला लागला.

हा उसासा म्हणजे गल्लीबाहेरच्या माळावरचा, चुन्यात बांधलेला एक ठेंगणा मनोरा. निजामशाहीत लांबच्या विहिरींचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून, जमिनीखालून नगरात आणलं, तेव्हा आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत असे उसासे बांधले होते. दादा रोज सकाळी तिथे जायचा, मनोऱ्याच्या भोकाशी वाकायचा आणि उजवा कान आत लावून पाणी वाहतंय का ते ऐकायचा. लोक म्हणायचे, मास्तर नळाची नाडी बघतायत. त्या दिवशीही तो तसाच टेकून बसला होता. दूधवाला गेला, छावणीकडचे टांगे गेले, पोरं शाळेला गेली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे पुढे गेले. रोजचंच, म्हणून! आमचा दादा मरून बसला होता आणि अख्खं गाव त्याच्या शेजारून आपापल्या कामाला निघून गेलं. विठोबाने खांद्याला हात लावला म्हणून कळलं, नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तिथेच राहिला असता. आज काही आठवडे झाले, पण या गोष्टीचा माझा संताप उतरत नाही. संपादकांनी "दादांवर चार शब्द लिहा" असा निरोप धाडला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. चार शब्दांत मावेल असं मला काही म्हणायचं नव्हतं.

या नळाचं वेड त्याला लहानपणापासून. आमच्या गल्लीच्या मध्यावर दगडी हौद आहे आणि सगळी गल्ली त्याच पाण्यावर वाढली. नळाचे गावातले बाकीचे फाटे केव्हाच बुजले होते, पण आमचा वाहत राहिला होता. मी लहान असताना एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने मला हौदाच्या काठावर बसवलं आणि "इथून हलायचं नाही, कुसुम" असा दम दिला. स्वतः माळावर पळत गेला आणि उसाशात झेंडूचं फूल टाकून आला. मी बसून कंटाळले, रडकुंडीला आले. आई जेवायला हाका मारत होती आणि तो मला उठू देईना. शेवटी हौदाच्या तोंडातून ते फूल गिरक्या घेत बाहेर आलं. दादाने असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या बायका भांडी टाकून धावत आल्या. आईने त्याला तिथेच धपाटा घातला. पण मला अजून वाटतं, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या फुलाने ठरवून टाकलं.

पुढे तो भूगोलाचा मास्तर झाला आणि इंग्रजी अमलातल्या नगरचा इतिहास गोळा करायला लागला. इंग्रजांनी किल्ला घेतला, भिंगारला छावणी वसवली, साहेबांचे बंगले उठले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दादा मात्र विचारायचा, ते लोक आल्यावर पाणी कुठलं प्यायले? मग स्वतःच उत्तर द्यायचा, आपल्याच नळाचं! पुढे त्यांनी आपल्यापुरते लोखंडी नळ आणले आणि मग मातीच्या नळाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तो गळायला लागला तेव्हा दादा एका साहेबाला जाऊन भेटला. साहेबाने त्याला उभ्या उभ्या ऐकलं आणि कारकुनाकरवी सांगितलं, जुन्या खापरांवर सरकार पैसा घालत नाही. दादा घरी येऊन म्हणाला, "त्याचं काय चुकलं? त्याचा नळ थोडाच आहे?" हा त्याचा शहाणपणा मला कधीच सोसला नाही. मी त्या साहेबाला घरात बसून दोन दिवस शिव्या दिल्या.

मग लढाई आली. किल्ल्यात पुढारी कोंडलेले, रस्त्याने गोऱ्या सोल्जरांच्या लॉऱ्या, रेशनच्या दुकानापुढे बायकांची भांडणं. सोन्याचा भाव असा चढला की ज्यांच्या घरात गुंजभर सोनं नव्हतं तेही सराफ बाजारात चौकशी करून यायचे. नेमकं त्याच उन्हाळ्यात दादाला वसंत व्याख्यानमालेत बोलावणं आलं. विषय होता, इंग्रज आले तेव्हाचं नगर. मंडप भरला होता, पण नळाचं पुराण सुरू झाल्यावर मागच्या रांगा जांभया द्यायला लागल्या. दादाने ते पाहिलं आणि लोकांना जागं ठेवायला एक ऐकीव गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा एका सरदाराच्या घरच्या बायकांनी म्हणे अंगावरचं सगळं सोनं उसाशात टाकलं. पाण्याबरोबर ते आपल्याच हौदात येईल आणि वाटेत कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणून. "खरं-खोटं देव जाणे," तो म्हणाला, "पण नळ घराघरांत कसा जात होता ते यावरून कळतं." जांभया देणारे ताठ बसले. टाळ्या झाल्या. दादा खुशीत घरी आला. देव जाणे म्हटलेलं कुणाच्याच कानात शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर कुदळी पडायला लागल्या. आठवडाभरात विहिरींपासून गावापर्यंत नळाच्या रेषेवर जत्रा भरली. बैलगाड्या सोडून लोक मुक्कामाला आले, भेळवाले आले, तळहातावर नारळ उभा करून पाणी शोधणारा पाणाडी आला आणि त्याच नारळाने सोनं शोधायला लागला. पण खरा मान होता विठोबाचा. विठोबा पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असं आपल्याकडे मानतात. पलीकडच्या वाडीतल्या या साध्या शेतकऱ्याला लोकांनी टांग्यातून आणलं, डोळ्यांत काजळ भरलं आणि विचारलं, कुठं दिसतंय? बिचारा डोळे चोळत बोट दाखवेल तिथे लोक तुटून पडत. खाली नळ लागला की तो फोडायचा, आत हात घालायचा, गाळ उपसायचा आणि पुढे सरकायचं. हात-हात लांबीचे ते देखणे, लाल नळ, माठ फोडावेत तसे फोडले. कुणाला काही वाटलं नाही.

दादा एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्याकडे पळत होता. टोपी कुठेतरी पडली होती, धोतराला चिखल. "अरे, फोडू नका! पाणी आहे त्यात, आपलं पाणी!" लोक हसत होते. मास्तरांना एकट्यालाच हवंय, असंही कुणीतरी म्हणालं. शेवटी त्याने विठोबाला धरलं. "विठोबा, तुला खरंच काही दिसतंय का?"

विठोबाचे डोळे काजळाने लाल झाले होते. तो म्हणाला, "मला काय बी दिसत न्हाई, मास्तर. पर तुमीच बोल्ला हुता न्हवं का सभेत, सोनं हाय म्हनून? येवढा शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल?"

दादा तिथेच मातीच्या ढिगावर बसला. मी त्याला हात धरून घरी आणलं.

सापडलं काय, तर एक पितळी बटण, कुठल्याशा गोऱ्या शिपायाच्या डगल्याचं. ते सोन्याचं समजून वाजतगाजत सराफाकडे नेलं. त्याने कसोटीच्या दगडावर घासलं आणि परत दिलं. दोन दिवसांत माळ ओस पडला. आमचा हौद त्याच्याही आधी आटला होता.

पुढचं वर्ष मला आठवायलाही नको वाटतं. ज्या गल्लीने कधी पाण्याला बाहेर पाऊल टाकलं नव्हतं तिथल्या बायका कळश्या घेऊन लांबच्या लोखंडी नळावर रांगा लावू लागल्या. खणणारे निघून गेले होते. राग काढायला उरला दादाचा उंबरा. संक्रांतीला गल्लीत घरोघर हळदीकुंकू झालं आणि वहिनीला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. तिने वाणाची सुगडं भरून ठेवली होती. ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. मी दादासमोर जाऊन आदळआपट केली. "सांग ना लोकांना, मी गोष्ट सांगितली होती, खणायला सांगितलं नव्हतं!" तो म्हणाला, "सांगितलं तर पाणी येणार आहे का?" एरवी वकिलालाही न ऐकणारा माणूस, इथे मात्र गप्प. सगळा दोष त्याने निमूट अंगावर घेतला. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

त्याने एकच ठरवलं, हौदाला पुन्हा पाणी आणायचं. कुंभाराच्या मागे लागून जुन्या मापाचे नळ भाजून घेतले. चुन्यात तेल आणि कापूस कुटून सांधे भरायला शिकला. विठोबा एक दिवस आपणहून कुदळ घेऊन आला. म्हणाला, "बोट म्या दावलंय, मास्तर, आता बुजवायला बी मीच येनार." सुट्टीच्या दिवसांत, पेन्शनीत निघाल्यावर तर रोजच, हे दोघे माळावर नळाला नळ जोडत बसायचे. विहिरींपासून उसाशापर्यंतचा फाटा जुळला. काम कुठवर तगलं ते बघायला दादा रोज कान लावायचा आणि कानाला चिखल माखून घरी यायचा. वहिनी दारातच त्याला अडवायची, पदराचं टोक ओलं करून त्याचा कान पुसायची आणि करवादायची, "लहान मूल बरं! कानातसुद्धा माती." तो मान वाकडी करून मुकाट उभा राहायचा. वहिनीच्या वाट्याला त्याच्याकडून लाडिक असं जे काही आलं, ते बहुतेक एवढंच.

आणि मग एका सकाळी उसाशात पाणी वाजलं! दादा धावत आला, मला ओढत घेऊन गेला. मीही ऐकलं. फार बारीक, पण होतं. आता राहिला फक्त उसाशापासून हौदापर्यंतचा तुकडा. त्यावरून लढाईच्या दिवसांत लॉऱ्यांसाठी रस्ता केला होता. तो खणायचा तर परवानगी हवी. तोवर स्वराज्य आलं होतं. दादा म्हणाला, "आता काय काळजी? आता आपलीच माणसं आहेत, कुसुम." कोट इस्त्री करून गेला. आपल्या माणसाने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि साहेब जे बोलला होता तेच मराठीत सांगितलं. "मास्तर, लोखंडी नळ येतोच आहे की गल्लीत. ही खापरं कशाला उकरता?" अर्ज ठेवून घेतला. दादाने हेलपाटे घातले. आज साहेब दौऱ्यावर, उद्या कागद सापडत नाही. सोन्यासाठी अख्खा माळ उकरला तेव्हा एका माणसाला कुणी परवानगी विचारली नव्हती. पाण्यासाठी चार खड्डे घ्यायचे तर दादाच्या वहाणा झिजल्या! लोखंडी नळही अजून आलेला नाही. आणि दादा गेल्यावर दुखवट्याच्या सभेत त्याच गृहस्थांनी दादाला गावाचं भूषण म्हटलं. मी उठून निघून आले. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं.

दादाचाही राग येतो मला. छातीत दुखतं हे त्याने वहिनीला सांगितलं नाही, मला नाही, विठोबाला सांगितलं आणि वर शपथ घातली. डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता, कचेरीत जायला होता. माणसाने इतकं हट्टी असावं?

तेरावा झाल्यावर मी एका सकाळी माळावर गेले. का गेले, सांगता येणार नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून वाकले आणि उसाशाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पुढे वाट नाही म्हणून पाणी तुंबलं असेल, किंवा मागे एखादा सांधा सुटला असेल. कुणाला विचारणार? तरी बराच वेळ तशीच वाकून राहिले. मागून एक टांगा गेला. टांगेवाल्याने वळूनही बघितलं नसेल.

परतताना वहिनीकडे डोकावले. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं, उठून माठाशी गेली आणि पदराचं टोक ओलं करून आली. "वन्सं, मान वाकडी करा," म्हणाली, आणि माझा कान पुसायला लागली.