सोडायला आणलेलं कासव

रविवारी सकाळी मी तळ्यावर जाते, याचं आता कुणाला कौतुक राहिलेलं नाही. मलाही नाही. बिबवेवाडीच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी जुनी दगडखाण होती, तिच्यात पाणी साठून हे तळं झालं. खाणवाल्यांनी मधला एक उंचवटा का कुणास ठाऊक, न फोडता तसाच ठेवला. त्यावर बाभळी उगवल्या, कडेने पाणगवत माजलं आणि टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं तिथे घरटी करू लागली. रविवारी इथे जमणारी आम्ही चार टाळकी त्याला बेट म्हणतो. तेवढीच हौस.

या बेटाला खरा धोका भक्तीचा आहे. वास्तूवाला सांगतो, उत्तरेला कासव ठेवा, घरात स्थैर्य येईल. आपल्याकडची कासवं पाळायला कायद्याने बंदी, म्हणून दुकानदार परदेशी, लाल कानाचं पिल्लू हातावर ठेवतो. ते गोजिरवाणं दिसतं. मग ते वाढतं, ताटाएवढं होतं, पाणी घाण करतं, बोटाला चावतं. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, बिचाऱ्याला तळ्यात सोडून येऊ, तेवढंच पुण्य.

सोडणं हे आपल्या फार अंगवळणी पडलेलं आहे. आपण उपास सोडतो, संकल्प सोडतो, नको त्या गोष्टीवर पाणी सोडतो, आणि सोडलं की आपण सुटलो असं धरून चालतो. त्यातून पाण्यात सोडायचं म्हटलं की विसर्जनाची सवय. लोक कासवाला हार घालून आणतात. एका बाईंनी तर काठावर त्याचं औक्षण केलं. निरांजन जवळ येताच त्याने मान आत घेतली. मी त्यांना समजवायला गेले, तर म्हणाल्या, "अहो, आपण कशाला मध्ये पडता? देवाचं काम चाललंय." देवाचं काम झाल्यावर त्या प्लास्टिकची बादलीही तिथेच ठेवून गेल्या.

लाल कानाची कासवं इथे मजेत जगतात. आपलं मऊ पाठीचं कासव लाजाळू. जरा चाहूल लागली की बुडी मारतं. हे पाहुणे त्याच्या उन्हातल्या दगडांवर ठाण मांडून बसतात. दगड पुरले नाहीत की टिबुकलीच्या तरंगत्या घरट्यावर चढतात आणि घरटं अंड्यांसकट पाण्याखाली जातं. टिबुकली भोवती ओरडत फिरत राहते. ते एकदा पाहिलं आणि मी या भानगडीत पडले. काम सोपं आहे. चार फळ्यांची चौकट पाण्यावर तरंगत ठेवायची, आत जाळं लावायचं. कासवं फळीवर ऊन खायला चढतात, आपण होडी जवळ नेली की दचकून आत पडतात. दर रविवारी आम्ही काढतो, आणि आठवडाभर लोक सोडतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर डोंगर चढायचे असं ठरवलं होतं. आता गुडघे धरून चिखलात उभी असते आणि मनात म्हणते, बाई, पुरे कर.

आणि आमच्या घरातही एक आहेच. बाबांनी आणलं होतं. वास्तूवर त्यांचा विश्वास नव्हता, पण दुकानात ते पिल्लू त्यांच्याकडे बघत होतं म्हणे. बाबा गेले आणि आईने ते कासव हाती घेतलं. बाल्कनीतल्या टबात ते असतं. सकाळ-संध्याकाळ ती त्याला पालक आणि कोळंबीचा तुकडा भरवते, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून दाखवते आणि "ऐकतंय बघ," म्हणते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता. "मी दवाखान्यात जायच्या आधी त्याला मोकळं करायचंय. माझं काही झालं तर त्याचा जीव त्या टबात अडकायला नको." मी म्हणायचे, आई, तळ्यात नाही सोडायचं. ती म्हणायची, मग कुठे सोडायचं? यावर मी भांडी घासायला जायचे.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तळ्यावरच्या रखवालदाराचा फोन आला. "ताई, एक आजी बादली घेऊन आल्यात. तुमची 'कासवं सोडू नका'ची पाटी वाचून दाखवली, तरी ऐकंनात. वर म्हणत्यात, पाटी माझ्याच पोरीनं लिवलीया."

मी रिक्षाने गेले. आई काठावरच्या दगडावर बसली होती, घामाघूम, साडीचा काठ चिखलाने भरलेला. बादलीत कासव होतं. एवढं ओझं घेऊन ती जिना उतरली कशी, रिक्षात चढली कशी, या विचाराने मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ओरडू नकोस. अजून सोडलेलं नाही."

मी शेजारी बसले. समोर बेटावर ऊन होतं. फळीवर लाल कानाची चार-पाच कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून पसरली होती.

"इथे सोडलं तर मरेल का?" तिने विचारलं.

"नाही. चांगलं जगेल. तोच तर त्रास आहे."

"आणि ही जी तुम्ही धरता, त्यांचं काय करता?"

"प्राण्यांच्या केंद्रात नेतो," मी म्हणाले. इतकी वर्षं तिला एवढंच सांगत आले होते.

"आणि केंद्रात काय करतात?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आला. "तिथल्या टाक्या भरल्यात, आई. कुणी न्यायला येत नाही. डॉक्टर इंजेक्शन देतात. दुखत नाही."

तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "बरं आहे तुमचं. आम्ही पुण्य करायचं आणि तुम्ही सुई टोचायची."

"तू टिबुकलीचं घरटं बुडताना पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं. तू पाहिलंस म्हणूनच हे अजून बादलीत आहे." तिने बादलीतल्या पाण्यात हात घातला. कासवाने मान वर काढून तिच्या बोटांकडे पाहिलं. खाऊ असेल असं वाटलं असावं. "याला नाही ना द्यायचं इंजेक्शन?"

"नाही."

"माझ्यानंतर?"

"मी आहे ना."

"तुझंही वय झालंय, दिसत नाही का मला? हे पुरून उरेल आपल्याला. तुझ्यानंतर कोण?"

कोण? भाऊ परदेशात, भाची हडपसरच्या एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहते, आणि इतरांना ज्या केंद्राचा पत्ता मी देते तोच मलाही ठाऊक आहे. मला रडू आलं नाही; आत सगळं नुसतं दमून गेलं होतं. माझी आई उद्या छाती उघडून घ्यायला जाणार होती आणि मला तिला धीराचं एक वाक्य देता येत नव्हतं.

मी म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. लहानपणी सहल, सायकल, नवा फ्रॉक, सगळं तिने मला याच शब्दाने नाकारलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं.

मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, वाकून बादलीच्या कडीची एक बाजू धरली आणि म्हणाली, "चल, धर तिकडून. त्याची खायची वेळ झाली."