फिलू पास झाली

निरोप घेऊन फिलूचा जावई दारात उभा होता. "मावशी, मम्मी गेली," एवढंच बोलला. वाळत घातलेली सुकट उलटताना फिलूला धाप लागली आणि पाचूबंदरहून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. महिना उलटला, माझा राग उतरत नाही... आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

फिलू माझी शाळासोबतीण. मी लग्न करून एव्हरशाईन वसाहतीतल्या फ्लॅटात आले, ती बंदरावरच राहिली, मासळी सुकवून विकत. अधूनमधून तिची छाती भरायची, पण डॉक्टरांसमोर स्वारी ठणठणीत. नळीत फुंकायची तपासणीही चांगली आली. म्हणून त्यांनी दुसरी सांगितली. औषधाची वाफ थोडी थोडी वाढवत ओढायला देतात आणि श्वासाच्या नळ्या किती लवकर आवळतात ते बघतात. त्याआधी दम्याचा पंप ओढायचा नाही, असं बजावलं होतं. तिच्याकडे पंप नव्हताच, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही. त्याच दिवसांत तिच्या लोर्नाचं लग्न ठरत होतं आणि आईला दमा म्हटलं की लोक मुलीकडेही संशयाने बघतात. तपासणीला मी सोबत गेले होते. आतून हसतच बाहेर आली. नळ्या आवळल्या नाहीत, दमा वाटत नाही, असं सांगितलं होतं. "पास झाले गं," म्हणाली आणि परतताना मला बळेच फालुदा खायला घातला. लग्नात सगळ्यांच्या आधी तीच नाचायला उभी राहिली...

परवा तिच्या घरी रोजरीची प्रार्थना झाल्यावर शेजारची मारिया मला ओट्यावर घेऊन बसली. ती स्वतः दम्याची. "सकाली पंप मीच दिलेला," म्हणाली. "बोलली, परीक्षेला जायचंय, छाती मोकली पायजे. आवलते का तेच बगतात, मना काय ठाव?" तिला तरी काय बोलणार? परीक्षेला तयारी करूनच जायचं, हेच आपण सगळे शिकलो. लोर्नालाही मारियाने सांगून टाकलं होतं. "म्हणजे माझ्यासाठीच ना, मावशी?" लोर्नाने मला विचारलं.

फोनवर बोलताना फिलू वाक्य अर्ध्यात सोडून दम घ्यायची. मी गप्प थांबायचे, मग ती पुढे बोलायची. आता कुणीही बोलता बोलता थबकलं की मी तशीच थांबते... शेवटी समोरूनच विचारतात, "हॅलो, आहात ना?"