अण्णानं दिलेली जागा

देगलूरला, उदगीर रस्त्याच्या कडेला नागम्माचं घर होतं. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण घर होतं. गवंड्याकडून मागून आणलेल्या चुन्याच्या फक्कीने तिने मोकळ्या जागेवर खोल्या आखल्या होत्या. खानावळीच्या भाकऱ्या थापून झाल्या की दुपारी ती तिथे राहायला जायची. आखताना दारासाठी सोडलेल्या जागेतूनच आत शिरायची, स्वयंपाकघरात बसून पान खायची, मधल्या खोलीत पदर उशाला घेऊन पडायची. वारा फक्की उडवून न्यायचा. ती पुन्हा आखायची, आणि दर खेपेला देवघर थोडं मोठं व्हायचं. मांडे मनातलेच खायचे, तर तुपाला हात आखडता कशाला घ्यायचा?

कुणाची जागा, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "अण्णानं दिली. पंचमीला."

हे खोटं होतं. नवरा गेल्यावर वर्षानुवर्षं भाकऱ्या थापून, खानावळीतल्या बायकांत भिशी लावून तिने ती स्वतः घेतली होती. पण गल्लीतल्या लेकीसुनांना नागपंचमीला माहेरचा मुराळी न्यायला यायचा, आणि त्या नवी लुगडी मिरवत परत यायच्या. नागम्माचा थोरला भाऊ धोंडप्पा, म्हणजेच अण्णा, कधी आला नाही, साधा चोळीचा खणही त्याने कधी धाडला नाही. भाऊ असून बिनमाहेरची म्हणवून घेणं तिला फार लागायचं. म्हणून खरेदीखत झालं त्या वर्षी पंचमीला ती गुपचूप बिलोलीला चुलत जावेकडे जाऊन आली, आणि गल्लीत सांगितलं की अण्णाने माहेरी नेलं होतं, निघताना बोळवण म्हणून जागा दिली. बायकांनी तोंडात बोटं घातली. मग दर पंचमीला तिला तेच सांगावं लागलं, आणि दर पंचमीला त्यात थोडी भर पडली. लिंबाच्या फांदीला अण्णाने बांधलेला झोका, त्याचा पांढरा फेटा, वहिनीने केलेली पुरणाची दिंडं. सांगता सांगता तिला ते दिसायलाही लागलं.

अण्णाचे खरे उद्योग मात्र निराळे होते. सरहद्दीपलीकडून तो बंदीचा गुटखा आणायचा. एक दिवस टेम्पोसकट सापडला. पोलिसांनी त्याचा पैसा कुठे कुठे मुरला ते शोधायला घेतलं, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी कौतुकानेच सांगितलं, नागम्माची जागासुद्धा भावानेच दिलेली. झालं. गुन्ह्याच्या पैशातून आलेली ही मालमत्ता सरकारजमा का करू नये, अशी कोर्टाची नोटीस नागम्माच्या हातात पडली.

बिलोलीचे रेणुकादास वकील तिचं सगळं ऐकून हसले. "अक्का, खरं तेच बोला. भावानं दिली नाही, मी घेतली. एवढंच. खत तुमच्या नावावर आहे, पण पैसा कुणाचा ते कोर्ट विचारणार. भिशीच्या बायका मी साक्षीला आणतो, पण आधी तुमच्या तोंडून यायला पाहिजे."

"एवढंच ना," नागम्मा म्हणाली. तारखेला जाताना ते वाक्य ती बसमध्ये पुटपुटत राहिली.

कोर्टात अण्णा दोन पोलिसांच्या मधे उभा होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची कॉलर फाटलेली. मागच्या बाकावर गल्लीतल्या बायका, धीर द्यायला म्हणून मुद्दाम आलेल्या. वकिलांनी विचारलं, "ही जागा तुम्हाला भावानं दिली का?"

नागम्माने अण्णाकडे पाहिलं, आणि कोर्ट कुठल्या कुठे विरून गेलं. लिंबाची फांदी वाकली, झोका वर चढला, खाली पांढऱ्या फेट्यातला अण्णा हसत उभा राहिला. ह्या माणसाने आपल्याला काही दिलं नाही असं चारचौघांत, पोलिसांदेखत म्हणायचं?

"हाव," ती म्हणाली. "अण्णानंच दिली. पंचमीला."

वकिलांनी कपाळाला हात लावला. अण्णाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्याच्या बाकी पापांचं कोर्ट बघेल, पण राग येतो तो ह्या खाली घातलेल्या मानेचा. तोंड त्यालाही होतं.

"हात दाखवून अवलक्षण केलंत अक्का," वकील बाहेर आल्यावर म्हणाले. तिला ते ऐकूच आलं नाही. भावाचं नाक राखलंस, असं म्हणत बायकांनी तिला बसमध्ये खिडकीशी बसवलं, आणि देगलूर येईपर्यंत ती सुखात होती.

हुकूम व्हायचा तसा झाला. सरकारी पाटी घेऊन तलाठी आणि शिपाई जागेवर आले, पंच म्हणून त्यांनी गल्लीतल्याच बायकांना बोलावलं. शिपाई थेट भिंतीतून चालत स्वयंपाकघरात गेला.

"दारातून या की," नागम्मा म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तो पहार घेऊन मधल्या खोलीत खड्डा खणू लागला. तो आवाज ऐकला आणि ती जागी झाली.

"बाई, जागा भावानं दिलेली ना?" तलाठ्याने लिहिता लिहिता विचारलं.

"न्हाई. माझी हाय. म्या घेतली, भाकऱ्या थापून."

तलाठ्याने पेन थांबवून पंचांकडे पाहिलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेजारची सौदामिनी पुढे झाली, तिने नागम्माच्या पाठीवरून हात फिरवला.

"असं बोलू न्हाई, नागम्मा. भाऊ अडचणीत हाय म्हणून त्याचं दिलेलं इसरावं का?"

मग तिने पंचनाम्यावर सही केली.