कोपराने उलटायचं पुस्तक

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर मी वजनकाट्याशी असतो. तिथे देठ खुडणारी एक बाई जेवणाच्या सुट्टीत मांडीवर जाडजूड पुस्तक उघडते. व्हिडिओ गेममधली वाट दाखवणारं, रद्दीत सापडलेलं. हात तिखट, म्हणून पानं कोपराने उलटते. इंग्रजी येत नाही, पण नकाशे पाठ करते.

"हे मोबाईलवर मिळतं की, ताई," मी म्हणालो.

"मोबाईल एकच शे भाऊ, तो मायकडे. खाटवर पडी पडी ती गेम खेयस. मी घर जाईसन वाट सांगस."

काल नदीच्या नकाशापाशी तिने पुस्तक मिटलं. पुढचं पान का नाही, मी विचारलं.

"आज माय गेममा नदीपार जाई. पुढलं आम्ही दोन्ही संगे देखसूत."