सूत्राची अट

मुलाणी सर अरबी शिकवताना फळ्यावर आधी तीन रिकामे चौकोन काढत. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या घरी हा वर्ग काढला होता. मी मोजणी खात्यातला, नोकरीपुरता साताऱ्याहून आलेला त्यांचा भाडेकरू. संध्याकाळी मागं जाऊन बसायचो.

"चौकोनात अक्षरं टाका. ज, ल, म. पहिल्यानंतर आ, दुसऱ्यानंतर इ. काय झालं? जालिम. जुलूम करणारा. आता क, त, ब."

"कातिब!" वर्गातल्या बायका म्हणायच्या. "लिहिणारा."

"पाठ केलं का कुणी? न्हाई. काढलं! पाठ केलेलं इसरतं, काढलेलं परत काढता येतं."

मी एकदा आकडे मांडले. भूतकाळात प्रत्येक क्रियापदाची चौदा रूपं. पन्नास क्रियापदं पाठ करायची तर सातशे रूपं. सरांच्या पद्धतीनं पन्नास तीन-अक्षरी धातू आणि त्यांना लागणाऱ्या चौदा शेपट्या, म्हणजे चौसष्ट. "कांबळे, हे फळ्यावर लिवा," सर खूश होऊन म्हणाले.

वर्गात नऊ जणी होत्या. त्यांतली हसीना शिलाईवर घर चालवायची. साताऱ्यात मुलींच्या एका शाळेत अरबी शिकवायची जागा होती, पण अरबीची परीक्षा पास झाली तरच मिळणार होती. दोनदा ती नापास झाली होती. यंदा जमलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

परीक्षेला पाच आठवडे असताना तिनं सरांपुढं वही आपटली. साताऱ्याच्या एका मौलानांनी तपासून दिलेली ती वही लाल झाली होती.

"आवं सर, तुमच्याच सूत्रानं काढलं. माझं आधी पाठ होतं त्ये बरोबर होतं. तुमचं ऐकून खोडलं मी!"

सरांनी पानं उलटली. धातूत व किंवा य असला की ते अक्षर दुबळं पडतं, कधी बदलतं, कधी गळतं. सर पुस्तकावरून अरबी शिकलेले. साचा सापडल्याच्या आनंदात तो धडा त्यांनी घाईनं ओलांडला होता.

सरांनी खडू ठेवला. "शून्यानं भागायचं नसतं हे न सांगता मी भागाकार शिकवला. अट सांगायची राहिली. चूक माझी हाय. खोडलेलं परत लिव."

रविवारी ते त्या मौलानांकडे जायला साताऱ्याच्या एसटीत बसले. मी सोबत होतो. मौलाना त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले.

"सर, गणितात बारा मार्क दिलते तुमी मला."

"तेरा," सर म्हणाले. "आज तुमी मला किती देताय बघू." आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

असे चार रविवार गेले. सरांनी प्रत्येक दुबळा धातू तपासला, प्रत्येक बदलाची अट वहीत लिहिली. अकरा रूपं मात्र कुठल्याच अटीत बसेनात. सरांनी ती फळ्यावर उतरवली आणि म्हणाले, "ही पाठ करा." त्यांच्या तोंडून हे मी एकदाच ऐकलं.

हसीनाला शंभरापैकी एकाहत्तर मिळाले. साताऱ्याला निघताना ती निरोप घ्यायला आली. "सर, तुमची अटींची वही द्या की. तिथं लागंल."

"न्हाई मिळायची."

तिचा चेहरा उतरला.

"माझ्या वहीत तू कुठं अडकलीस त्ये हाय. तुझ्या वर्गातल्या पोरी कुठं अडकतील त्ये मला काय म्हाईत? त्या अडकतील तवा तू तुझी लिव. आन चुकलीस तर भर वर्गात सांग. घरी बसून गुपचूप दुरुस्त करू नको."