एकदाच बदलता येणारी तारीख

नाना, म्हणजे आमचे वडील, आजारी पडले तेव्हा धाकटा भाऊ मस्कतहून तीन आठवड्यांची रजा काढून अमळनेरला आला. त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट सवलतीचं होतं. त्याचे नियम मी वहीत उतरवून घेतले. घरात ते काम माझंच. परतीची तारीख एकदा फुकट बदलता येईल. दुसऱ्यांदा नाही. तरीही थांबायचं तर परतीचं तिकीट वाया, नवीन पूर्ण भाड्याने घ्यायचं.

परतीच्या दिवशी अमावास्या होती. नानांची मोठी बहीण, आमची अक्का, कॅलेंडरसमोर उभी राहिली. “आमोशाले कोनी घर सोडस का? बाप खाटवर पडेल शे.”

“अक्का, विमानाला अमावास्या नसते,” भाऊ म्हणाला.

“इमानले नही. तुले शे ना.”

नाना पडल्यापडल्या हसले, मीही. एका दिवसाचा तर प्रश्न, शिवाय फुकट. मी जळगावच्या एजंटकडे जाऊन तारीख एक दिवस पुढे करून आणली आणि वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

निघायच्या तीन दिवस आधी नानांचं जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दोन. भावाच्या मालकाने फोनवर रजा वाढवून दिली. अडचण उरली ती तिकिटाची. मी पुन्हा जळगाव गाठलं. एजंटने तिकिटावर चिकटवलेली नव्या तारखेची पट्टी माझ्यासमोर धरली.

“ताई, एकदाचा बदल तुम्ही वापरलाय. आता माझ्या हातात काही नाही.”

पूर्ण भाडं विचारलं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

घरी आल्यावर मी काही सांगायच्या आत नानाच भावाला म्हणाले, “जाय, भाऊ. मी शे आजून.”

भाऊ गेला आणि चौथ्या दिवशी नाना गेले. अग्नी चुलतभावाने दिला. मस्कतला फोन मी लावला. भावाने एवढंच विचारलं, “ताई, जवळ कोण होतं?”

“मी होते,” मी म्हणाले.

वर्षश्राद्धाला तो आला. तिकीट तशाच नियमांचं, आणि परतीचा दिवस नेमका अमावास्येचा. जेवताना त्याने स्वतःहून विचारलं, “अक्का, तारीख बदलू का?”

अक्काने कॅलेंडरकडे एकदा पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “बदल राहू दे हातमा.”

अमावास्येच्या सकाळी तिनेच त्याच्या हातावर दही घातलं.